पीअरट्यूबवर लाइव्ह: पी२पी चालू केलं, तरी सर्व्हर का झोपतो?

व्याख्यानमाला, कीर्तन सप्ताह, कुस्तीचं मैदान, शाळेचं स्नेहसंमेलन. असे कार्यक्रम स्वतःच्या सर्व्हरवरून लाइव्ह दाखवायचे म्हणून काही मंडळी पीअरट्यूब नावाचं व्हिडिओ दाखवायचं सॉफ्टवेअर बसवतात. ‘त्यात पी२पी आहे, प्रेक्षकच एकमेकांना व्हिडिओ पुरवतात, स्वस्तातला सर्व्हर पुरतो’ एवढं कुठेतरी ऐकलेलं असतं. कार्यक्रमाच्या दिवशी दीडशे माणसं येतात, चित्र अडकतं, गोल गोल चक्र फिरायला लागतं, आणि ‘पी२पी काही कामाचं नाही’ असा निकाल लागतो.

मला आजवर अशा ज्या तक्रारी आल्या, त्यांत गडबड बहुतेक वेळा क्रमाची निघाली. लोक आधी पी२पीवर भरवसा ठेवतात आणि त्या मापाने सर्व्हर घेतात. करायचं याच्या उलट. सर्व्हर पूर्ण गर्दीच्या हिशेबाने घ्यायचा, पी२पी बंद ठेवून तो चालवून बघायचा, आणि मगच पी२पी लावायचं. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. मधला एखादा गाळून पुढे गेलात, तर बिघाड नेमका कुठे आहे हे शोधायला मार्ग उरत नाही.

पीअरट्यूब कसं बसवायचं हे इथे सांगत नाही. ते बसलेलं आहे आणि साधा व्हिडिओ त्यावर चालतो आहे, असं धरून चाललो आहे. आवृत्ती ६ किंवा पुढची असू द्या. जुन्या आवृत्त्यांत पी२पीचा वेबटोरंट नावाचा वेगळा प्रकार होता, तो ६ मध्ये काढून टाकला. त्यामुळे त्या काळातले सल्ले वाचून सेटिंग्ज शोधत बसू नका.

आधी एवढं डोक्यात बसू द्या

लाइव्ह व्हिडिओ अखंड धारेसारखा येत नाही. सर्व्हर त्याचे काही सेकंदांचे तुकडे करतो आणि कुठले तुकडे तयार आहेत त्याची यादी ठेवतो. या यादीला प्लेलिस्ट म्हणतात आणि या पद्धतीला एचएलएस. प्रेक्षकाचा ब्राउझर दर थोड्या वेळाने यादी बघतो आणि पुढचा तुकडा मागवतो.

पी२पी नसेल तर प्रत्येक तुकडा सर्व्हरकडूनच येतो. पी२पी असेल तर ब्राउझर ट्रॅकर नावाच्या निरोप्याला विचारतो, ‘हेच प्रक्षेपण अजून कोण बघतंय?’ ट्रॅकर गाठ घालून देतो. मग दोन ब्राउझर वेबआरटीसीने (ब्राउझर आपापसात जोडण्याच्या तंत्राने) थेट जोडले जातात आणि एकाकडे असलेला तुकडा दुसऱ्याला मिळतो. तो मूळ तुकडाच आहे ना, हे प्लेअर सर्व्हरने दिलेल्या ठशाशी, म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या सांकेतिक ओळखीशी, पडताळून बघतो. शेजाऱ्याकडून वेळेत आला नाही, तर सर्व्हरकडे जातो.

यातून तीन अटी निघतात. दोघं जवळपास एकाच वेळचं दृश्य बघत असायला हवेत. दोघांची क्वालिटी एकच हवी, कारण ७२०पीचा तुकडा ४८०पीवाल्याच्या उपयोगाचा नाही. आणि देणाऱ्याकडे अपलोडला जागा हवी. पुढचे सगळे टप्पे या तीन अटींभोवतीच फिरतात.

टप्पा १: कागद घ्या, हिशेब करा

हा टप्पा कोणीच करत नाही. खरं तर दहा मिनिटांचं काम आहे.

बोलणारा एक माणूस, मागे पडदा, असा कार्यक्रम असेल तर ७२०पीला व्हिडिओ १४०० केबीपीएस आणि आवाज १२८ केबीपीएस पुरतो. मिळून साधारण दीड एमबीपीएस. कुस्ती किंवा नाच असेल तर यात भागणार नाही. चित्र खूप हलतं, अडीच एमबीपीएस तरी धरा.

दीड एमबीपीएसने २०० प्रेक्षक म्हणजे ३०० एमबीपीएस. दोन तासांत एका प्रेक्षकामागे सुमारे १.३५ जीबी, म्हणजे २०० जणांचे २७० जीबी. हे आकडे सर्व्हर देणाऱ्याच्या प्लॅनशी ताडून बघा: पोर्ट, म्हणजे सर्व्हरची नेटशी असलेली जोडणी, किती एमबीपीएसचा आहे, महिन्याला किती डेटा मिळतो. १०० एमबीपीएसच्या पोर्टवर कागदावर ६६ जण बसतात. प्रत्यक्षात ५० धरा.

आता पी२पीचा हिशेब. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. अपलोड जेवढं होईल तेवढंच डाउनलोड पी२पीतून मिळू शकतं. हवेतून काही येत नाही. आणि पीअरट्यूबचा प्लेअर प्रेक्षक मोबाइल डेटावर आहे असं ओळखतो, तेव्हा त्याच्याकडून अपलोड घेतच नाही. ते योग्यच आहे, लोकांचा रोजचा डेटा आपण का संपवायचा? हे ओळखणं क्रोमसारख्या ब्राउझरवर चालतं, कारण तो नेटवर्कचा प्रकार सांगतो. म्हणजे आपल्याकडचा मोबाइलवर बघणारा बराचसा प्रेक्षक फक्त घेणारा आहे.

समजा, २०० पैकी १४० जण मोबाइल डेटावर आणि ६० जण घरच्या वायफायवर आहेत. त्या ६० जणांकडे प्रत्येकी २ एमबीपीएस अपलोड मोकळं आहे. सगळं जुळून आलं तरी १२० एमबीपीएस मिळतील. गरज ३०० ची. म्हणजे कमाल ४० टक्के, तीही कागदावर. उरलेले १८० सर्व्हरनेच द्यायचे.

*तपासा:* तुमच्या प्रेक्षकांत वायफायवाले किती? पुण्या-मुंबईत स्थायिक झालेली गावची मंडळी आणि परदेशातले नातेवाईक घरच्या ब्रॉडबँडवर बघतात, गावातले फोनवर. मागच्या कार्यक्रमाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरळ विचारून घ्या. अंदाजापेक्षा ते बरं.

*सावध:* हिशेबात पी२पीचा वाटा शून्य धरूनही सर्व्हर कसाबसा तरला पाहिजे. तरत नसेल तर क्वालिटी कमी करा किंवा पोर्ट मोठा घ्या. पुढे जाऊ नका.

टप्पा २: सर्व्हर आणि प्रॉक्सी (प्रेक्षक आणि पीअरट्यूब यांच्या मध्ये बसणारा दारवान)

सर्व्हरवर तीन पोर्ट उघडे हवेत (इथे पोर्ट म्हणजे आत यायचे क्रमांकाचे दरवाजे, टप्पा १ मधला वेगाचा पोर्ट नव्हे): ८० आणि ४४३ वेबसाठी, १९३५ ओबीएसकडून, म्हणजे मंडपातल्या लॅपटॉपवरून चित्र पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून, येणाऱ्या आरटीएमपी प्रवाहासाठी. बस्स. पी२पीसाठी सर्व्हरवर वेगळा पोर्ट लागत नाही. ‘टोरंटसाठी ६८८१ उघडा’ असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. व्हिडिओची देवाणघेवाण प्रेक्षकांच्या ब्राउझरमध्ये आपापसात होते, ती सर्व्हरमधून जातच नाही. सर्व्हरकडे येतो तो फक्त ट्रॅकरशी होणारा संवाद, आणि तो ४४३ वरूनच.

हा संवाद वेबसॉकेटवर, म्हणजे सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीवर, चालतो, आणि नेमका तिथेच घोळ होतो. पीअरट्यूबसोबत एनजिनएक्स या प्रॉक्सीच्या सेटिंग्जचा जो तयार नमुना मिळतो, त्यात ट्रॅकरच्या सॉकेटची वेगळी सोय केलेली आहे. पण लोक एखाद्या होस्टिंग पॅनेलमधून दोन क्लिकमध्ये प्रॉक्सी बनवतात. त्यात वेबसॉकेटची सोय राहून जाते किंवा एका मिनिटात जोडणी तुटते. साइट उघडते, व्हिडिओ चालतो, सगळं छान दिसतं. फक्त पी२पी मुकं असतं.

*तपासा:* क्रोममध्ये लाइव्हचं पान उघडा, डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क विभागात वेबसॉकेटची गाळणी लावा. ट्रॅकरची ओळ दिसली पाहिजे आणि तिची स्थिती १०१ हवी. ४०० किंवा ५०२ दिसलं तर प्रॉक्सी दुरुस्त करा.

दुसरी गोष्ट याहून लपलेली. प्रॉक्सीमागे बसलेल्या पीअरट्यूबला प्रेक्षकाचा खरा आयपी पत्ता कळला पाहिजे. त्यासाठी ‘ट्रस्ट प्रॉक्सी’ नावाचं सेटिंग आहे. ते चुकलं, विशेषतः डॉकरमध्ये, तर पीअरट्यूबला सगळे प्रेक्षक एकाच आयपीवरून आलेले दिसतात. आणि एकाच आयपीवरून फार विचारणा झाल्या की ट्रॅकर त्या आयपीला अडवू शकतो. झालं! पाच जणांच्या चाचणीत सगळं सुरळीत, आणि पन्नास जण आले की ट्रॅकर सगळ्यांनाच दार लावून घेतो. लॉग उघडून बघा. प्रत्येक ओळीत १२७ किंवा १७२ ने सुरू होणारा एकच पत्ता येत असेल तर हीच भानगड आहे.

सर्व्हरपुढे सीडीएन (प्रती ठेवून प्रेक्षकांना वाटणारी मधली सेवा) लावला असेल तर आणखी दोन गोष्टी. आरटीएमपी वेबच्या प्रॉक्सीतून जात नाही, म्हणून ओबीएससाठी सरळ सर्व्हरकडे जाणारं वेगळं उपनाव ठेवा. आणि लाइव्ह चालू असताना बदलणारी प्लेलिस्ट आणि ठशांची यादी कॅशमध्ये अडकू देऊ नका. यादी शिळी झाली की ठसा जुळत नाही, आणि प्लेअर शेजाऱ्याकडून आलेला चांगला तुकडाही फेकून देतो.

टर्न सर्व्हरबद्दल नेहमी विचारणा होते. वेबआरटीसीच्या लेखांत स्टन आणि टर्न जोडीने येतात म्हणून लोक टर्नही बसवायला निघतात. स्टन फक्त ‘बाहेरून तुझा पत्ता असा दिसतो’ एवढं सांगतो. टर्न मात्र स्वतः मध्ये उभा राहून सगळा माल इकडून तिकडे वाहतो. तो तुमच्याच सर्व्हरवर असेल, तर एकाने दिलेला तुकडा तुमच्याकडे येणार आणि तुमच्याकडूनच दुसऱ्याकडे जाणार. मग तो सरळ सर्व्हरवरूनच दिलेला काय वाईट? व्हिडिओ कॉलसाठी टर्न लागतो. इथे नको.

टप्पा ३: लाइव्ह तयार करणं

प्रशासनाच्या पानावर लाइव्हला परवानगी द्या आणि ‘गो लाइव्ह’ मधून नवं लाइव्ह बनवा. इथे तीन निर्णय आहेत.

पहिला: एकदाच वापरायचं की पुन्हा पुन्हा. साधं लाइव्ह एकदाच चालतं. मंडपातली वीज दोन मिनिटं गेली, ओबीएसची जोडणी तुटली, की ते संपतं, आणि आधी वाटलेल्या दुव्यावर पुन्हा सुरू करता येत नाही. म्हणून परमनंट किंवा रिकरिंग प्रकारच निवडा. त्यात तोच दुवा आणि तीच स्ट्रीम की (ओबीएसला प्रवाह पाठवू देणारा परवलीचा शब्द) कायम राहते.

दुसरा: विलंब. पीअरट्यूब तीन पर्याय देतं. कमी विलंब साधारण १५ सेकंदांचा, नेहमीचा ३० चा, जास्तीचा ६० चा. कमी विलंब निवडला की पी२पी बंद होतं. हे तिथे लिहिलेलं असतं, पण घाईत कोण वाचतो?

मीही वाचलं नव्हतं. एका सप्ताहात रात्रीच्या कीर्तनाचं लाइव्ह माझ्याकडे होतं. पहिल्या रात्री समितीतले एक काका मंडपातच फोन धरून उभे राहिले आणि म्हणाले, “अहो, बुवांचा अभंग संपला, तुमच्या फोनवर अजून टाळ वाजतायत!” मंडपात उभं राहून फोनवर कशाला बघायचं, हा प्रश्न मी गिळला. दुसऱ्या दिवशी दुपारी विलंब कमी करून ठेवला. रात्री साडेआठपर्यंत ठीक होतं. मग लोक जेवणं आटपून बसले, प्रेक्षक वाढले आणि सगळ्यांचं चित्र एकदम थांबलं. प्लेअरच्या खालच्या पट्टीत पीअरच्या (जोडलेल्या इतर प्रेक्षकांच्या) आकड्याच्या जागी नुसतं ‘एचटीटीपी’ दिसत होतं. ते बघितल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुपारी मी स्वतःच पी२पी बंद करून बसलो होतो.

यामागचं कारण साधं आहे. पोळी तव्यावरून थेट पानात पडत असेल, तर शेजाऱ्याला द्यायला कोणाच्या ताटात उरणार? विलंब जास्त असेल तर प्लेअरकडे पुढचे बरेच तुकडे मागवायला वेळ असतो. लगेच लागणारे तुकडे तो सर्व्हरकडून घेतो आणि थोडे पुढचे शेजाऱ्यांकडे मागतो. त्यामुळे एकतर्फी कार्यक्रमासाठी ६० सेकंदांचा पर्याय घ्या. घरी बसलेल्याला एका मिनिटाचा उशीर कळतही नाही. प्रेक्षकांनी चॅटमध्ये प्रश्न विचारायचे आणि वक्त्याने उत्तर द्यायचं असा कार्यक्रम असेल तर ३० वर राहा.

तिसरा: किती क्वालिटी ठेवायच्या. प्रशासनाच्या पानावर खुणांची रांग दिसते आणि हात शिवशिवतात: १०८०, ७२०, ४८०, ३६०, २४०, सगळ्यांवर टिक. तसं करू नका. एक तर प्रत्येक क्वालिटी त्याच क्षणी तयार करायला प्रोसेसर लागतो. दुसरं, प्रेक्षकांचे तेवढे गट पडतात. ६० प्रेक्षक आणि ५ क्वालिटी म्हणजे सरासरी १२ जणांचा एक गट, आणि त्या १२ मधले देऊ शकणारे किती, ते टप्पा १ मध्ये बघितलंच. दोन ठेवा: ७२०पी आणि ३६०पी. घरच्यांना पहिली, एसटीत बसून बघणाऱ्याला दुसरी.

टप्पा ४: ओबीएस

सर्व्हरचा पत्ता आणि स्ट्रीम की भरा. बाकी सेटिंग्ज फार नाहीत, पण एक हमखास राहतं: कीफ्रेमचं, म्हणजे व्हिडिओत मधूनमधून येणाऱ्या पूर्ण चित्राचं, अंतर. ओबीएसमध्ये ते मुळात ०, म्हणजे ‘ऑटो’ असतं. एक्स२६४ एन्कोडरला तसंच सोडलं तर तो २५० फ्रेमपर्यंत थांबू शकतो. ३० फ्रेमच्या व्हिडिओत ते ८ सेकंदांच्या वर जातं. व्हिडिओ कीफ्रेमपाशीच कापता येतो. त्यामुळे सर्व्हर प्रवाह पुन्हा एन्कोड न करता तसाच पुढे देत असेल, तर तुकडे वेडेवाकडे आणि लांब पडतात. मोठा तुकडा शेजाऱ्याकडून वेळेत पूर्ण येत नाही, प्लेअर कंटाळून सर्व्हरकडे जातो. अंतर २ सेकंद करा.

रेट कंट्रोल सीबीआर (कायम एकच वेग) ठेवा आणि बिटरेट टप्पा १ मध्ये ठरवलेला. लॅपटॉपला नेटची वायर लावा. मंडपातल्या वायफायवर भिस्त ठेवू नका. दोनशे फोन तिथेच त्याच हवेत घोटाळत असतात. प्रवाहाच्या दुप्पट अपलोड वेग हाताशी हवा.

*तपासा:* ओबीएसच्या खालच्या पट्टीत ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’ १५ मिनिटं शून्यावर राहिल्या पाहिजेत. उगमाकडेच प्रवाह तुटत असेल तर पुढची कुठलीच युक्ती कामाची नाही.

टप्पा ५: पी२पी बंद ठेवून चाचणी

कार्यक्रमाच्या निदान तीन दिवस आधी. पाच-सहा जणांना सांगा की पीअरट्यूबच्या सेटिंग्जमध्ये ‘बघत असलेला व्हिडिओ वाटायला मदत करा’ अशा अर्थाची जी खूण आहे, ती काढा. मग प्रत्येकाने आठ-दहा टॅबमध्ये लाइव्ह उघडून आवाज बंद करायचा. पन्नासेक जोडण्या सहज होतात. त्याच वेळी सर्व्हरवर प्रोसेसर आणि बाहेर जाणारा वेग बघत राहा.

एका जोडणीला किती एमबीपीएस लागतात ते इथे प्रत्यक्ष कळतं. कागदावरच्या दीडऐवजी दोन निघाले, तर टप्पा १ चा हिशेब पुन्हा मांडा. प्रोसेसर ७०-८० टक्क्यांच्या वर राहत असेल तर एक क्वालिटी कमी करा. पोर्ट भरण्याआधीच प्रोसेसर दमला, असं बऱ्याचदा निघतं, आणि प्रोसेसरच्या दमण्यावर पी२पी हे औषधच नाही.

टप्पा ६: पी२पी चालू करून चाचणी

आता खुणा परत लावा. आणि मागच्या टप्प्यातली टॅबची युक्ती विसरा! एकाच लॅपटॉपवरचे दोन टॅब एकमेकांना तुकडे देतात, आकडा सुंदर दिसतो, पण त्यातून काही सिद्ध होत नाही. घरातले दोन फोन एकाच वायफायवर, हीही चाचणी नव्हे. कधी ती खोटी आशा देते. कधी उलटही होतं: राउटरचं पाहुण्यांसाठीचं वायफाय उपकरणांना एकमेकांशी बोलूच देत नाही आणि तुम्ही उगाच सर्व्हर उचकत बसता.

खऱ्या चाचणीला माणसं वेगवेगळ्या नेटवर्कवर हवीत. किमान तीन जण घरच्या ब्रॉडबँडवर, वेगवेगळ्या कंपन्यांच्या. दोघं मोबाइल डेटावर. जमलं तर एक जण कंपनीच्या किंवा कॉलेजच्या नेटवर. सगळ्यांनी क्वालिटी ७२०पीवर पक्की ठेवायची. ऑटोवर सोडली तर कोण कुठल्या गटात गेला ते कळत नाही. दहा मिनिटं चालू द्या. मग प्लेअरवर उजवी क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडायचं आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा. त्यात सर्व्हरकडून किती आलं, पीअरकडून किती आलं, आपण किती दिलं, हे वेगवेगळं दिसतं.

स्क्रीनशॉट असे वाचा:

• सगळ्यांकडे पीअर शून्य: ट्रॅकरपर्यंत कोणी पोचतच नाही. टप्पा २ कडे परत. लाइव्ह कमी विलंबावर तर नाही, हेही एकदा बघा.

• ट्रॅकरची जोडणी ठीक आहे, पण काहींना पीअरकडून डेटा येत नाही: ओळख झाली, हात मिळाला नाही. बहुतेक वेळा प्रेक्षकाच्या बाजूचा नॅट (एका पत्त्यामागे अनेक उपकरणं ठेवण्याची सोय) आडवा येतो. मोबाइल कंपन्या एका आयपी पत्त्यामागे बरेच ग्राहक ठेवतात आणि काही नॅट प्रत्येक जोडणीला वेगळा दरवाजा देतात. अशा दोघांना एकमेकांचं दार सापडत नाही. दोन्हीकडे आयपीव्ही६ असेल तर बऱ्याचदा जमून जातं. इथे तुमच्या हातात फारसं काही नाही.

• ब्रॉडबँडवाल्यांत देवाणघेवाण आहे, मोबाइलवाले नुसते घेतात: हेच अपेक्षित आहे.

• एकाच माणसाकडे काही नाही: त्याने व्हीपीएन लावलं असेल, वेबआरटीसी अडवणारं एक्स्टेन्शन असेल, किंवा कंपनीचा फायरवॉल यूडीपी जाऊ देत नसेल. सोडून द्या. त्याला सर्व्हरकडून मिळतंय ना? मग झालं.

• जुना आयफोन: आयओएस १७.१ च्या आधी आयफोनच्या ब्राउझरमध्ये पानाला स्वतःहून तुकडे भरण्याची सोय नव्हती, फोनचा स्वतःचा प्लेअरच एचएलएस चालवायचा. त्याला पी२पी मिळणार नाही. चित्र मात्र दिसतं.

कोणाचा दोष खोलात जाऊन बघायचा असेल तर त्याला क्रोममधलं वेबआरटीसी-इंटर्नल्सचं पान उघडायला सांगा. तिथे प्रत्येक जोडणी कुठपर्यंत पोचली ते दिसतं. पण एका प्रेक्षकासाठी यात अर्धा तास घालवू नका, मी घालवला आहे.

*सावध:* सहा जणांच्या चाचणीत ५० टक्के वाटा पीअरकडून आला म्हणून दोनशे जणांतही तेवढाच येईल असं समजू नका. चाचणीला तुम्ही ब्रॉडबँडवाले मुद्दाम गोळा केले होते.

टप्पा ७: प्रेक्षकांना सांगा

पी२पीत जोडलेल्या प्रेक्षकांना तांत्रिक दृष्ट्या एकमेकांचे आयपी पत्ते दिसू शकतात. नाव-गाव कळत नाही, पण तेवढंही कोणाला नको असू शकतं. लाइव्हच्या वर्णनात दोन ओळी लिहा: हा व्हिडिओ बघताना तुमच्या नेटवरून थोडा डेटा इतर प्रेक्षकांना जाईल, नको असेल तर सेटिंग्जमधून बंद करता येईल. आरोग्य, कायदा, आपापसातल्या तक्रारी अशा विषयांवर सभा असेल, तर मी पी२पी लावतच नाही. प्रेक्षक थोडे असतात, सर्व्हर झेपवतो.

व्हिडिओ दुसऱ्या साइटवर चिकटवणार असाल तर शेअरच्या खिडकीत पी२पीची खूण आहे ती बघून घ्या. संस्थेच्या साइटवर चिकटवलेल्या प्लेअरमध्ये ती राहून जाते, निम्मे प्रेक्षक तिथूनच बघतात, आणि मग पीअरचा आकडा का वाढत नाही म्हणून आपण सर्व्हरकडे बघत बसतो.

टप्पा ८: कार्यक्रमाच्या दिवशी

प्रवाह ३० मिनिटं आधी सुरू करा, पाटी आणि सनईवर. पहिले दहा-पंधरा प्रेक्षक हळूहळू जमले की त्यांच्याकडे तुकडे असतात आणि नंतर येणाऱ्यांना देणारे तयार मिळतात. ठीक सातला दुवा टाकून दोनशे जण एकदम आत आले, तर पहिली मिनिटभर सगळेच सर्व्हरवर तुटून पडतात. दुवा आदल्या दिवशीच वाटा.

एक लॅपटॉप फक्त बघण्यासाठी ठेवा, मंडपाच्या नेटवर्कबाहेर, शक्यतो दुसऱ्याच्या घरी. प्रक्षेपण चालवणाऱ्याला चित्र कायम उत्तम दिसतं, कारण तो ओबीएसची खिडकी बघत असतो.

गर्दी वाढून पोर्ट ८० टक्क्यांवर गेला तर ओबीएसचा बिटरेट १४०० वरून १००० करा. प्रवाह थांबवून पुन्हा सुरू करावा लागेल, म्हणून हे मध्यंतरात, नाहीतर आभारप्रदर्शनाच्या आसपास. चालू कार्यक्रमात विलंब, क्वालिटीची यादी, प्रॉक्सी यांपैकी कशालाही हात लावू नका. कोणी कितीही आग्रह करो, काकासुद्धा.

टप्पा ९: संपल्यानंतर

रिप्ले ठेवायचा असेल तर तो पर्याय लाइव्ह सुरू होण्याआधीच चालू हवा. नंतर मागून मिळत नाही. दीड एमबीपीएसच्या दोन तासांना साधारण १.३५ जीबी जागा लागते, दुसरी क्वालिटी वेगळी.

रिप्लेला पी२पीचा फारसा हातभार लागत नाही. एक जण सकाळी चहाबरोबर बघतो, दुसरा रात्री, तिसरी न्यू जर्सीतून तिच्या दुपारी. एकाच वेळी एकाच तुकड्यापाशी कोणी भेटत नाही. सर्व्हरच्या महिन्याच्या डेटात रिप्लेचा हिशेब पूर्णच्या पूर्ण धरा.

आणि स्ट्रीम की. ती कायमची असल्यामुळे, ज्याच्याकडे आहे तो तुमच्या दुव्यावर कधीही काहीही दाखवू शकतो. चाचणीच्या धांदलीत ती कोणीतरी ग्रुपवर टाकलेली असतेच. पुढच्या वर्षासाठी तेच लाइव्ह राखून ठेवू नका. रिप्ले वेगळा झाला आहे याची खात्री करा, जुनं लाइव्ह काढून टाका आणि पुढच्या वेळी नवं बनवा.